नव्या हार्ड डिस्कची भर आणि संगणकातील बिघाड : एक कारणमीमांसा

चालू स्थितीतील संगणकात दुसरी हार्ड डिस्क बसविली म्हणजे साठवणीची जागा तेवढी वाढते आणि बाकी सर्व पूर्ववत राहते, असा सर्वसाधारण समज आहे. अनुभव मात्र पुष्कळदा निराळा येतो. कधी संगणक सुरूच होत नाही. सुरू झाला तर नवी डिस्क दिसत नाही. नवी दिसू लागली तर जुनी नाहीशी होते. दोन्ही दिसल्या तर कालपर्यंत सहज उघडणारी फाइल सापडेनाशी होते. या तक्रारी वरवर पाहता विस्कळीत भासतात व त्यांचे खापर बहुधा नव्या डिस्कवर फोडले जाते. वस्तुतः त्यांच्या मुळाशी असलेली कारणे मोजकी असून ती एका निश्चित क्रमाने मांडता येतात. त्या क्रमाचे विवेचन करणे आणि त्यावरून बिघाडाचे स्थान कसे ठरवावे हे दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रश्नाचे महत्त्व

हा प्रश्न केवळ यंत्र दुरुस्त करणाऱ्यांचा आहे असे समजणे चुकीचे होईल. मुक्ताईनगर तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. तापी आणि पूर्णा यांचा संगम, त्या संगमावरील चांगदेवाचे प्राचीन मंदिर, कोथळी येथील मुक्ताईचे स्थान, दर आषाढीस पंढरपुरास जाणारी मुक्ताईची पालखी, आणि तालुक्याच्या गावोगावी बोलली जाणारी खानदेशी बोलींची निरनिराळी रूपे, असे अभ्यासविषय तेथे एकत्र आले आहेत. इतिहास, भाषा, लोकसाहित्य वा भूगोल यांपैकी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी तेथे काम करू लागला, की त्याची सामग्री आज कागदावर राहत नाही. ती छायाचित्रांच्या, ध्वनिमुद्रणांच्या आणि स्कॅन केलेल्या पानांच्या रूपाने संगणकात जमा होते.

या सामग्रीचे आकारमान किती वाढते, हे साध्या गणिताने कळते. ध्वनितबकडीच्या प्रतीचे, म्हणजे सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट आणि दोन मार्ग असे असंकोचित ध्वनिमुद्रण केल्यास एका तासाला सुमारे ६३.५ कोटी बाइट जागा लागते. शंभर तासांच्या मुलाखतींना ६३ जीबीहून अधिक जागा हवी. ए-४ आकाराचे एक रंगीत पान इंचास ३०० बिंदू या प्रमाणात असंकोचित साठविले, तर त्यास सुमारे २ कोटी ६१ लाख बाइट लागतात. अशी दहा हजार पाने म्हणजे २६१ जीबी होतात. जुन्या संगणकातील डिस्क या भाराने लवकरच भरते आणि नवा संगणक घेण्यापेक्षा दुसरी डिस्क बसविणे स्वस्त पडते. तेव्हा ही शस्त्रक्रिया नेमकी अशाच यंत्रावर होते, ज्यात पूर्वीची सर्व सामग्री भरलेली असते. ज्या वृद्ध स्त्रीच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या, ती आज हयात असेलच असे नाही. ज्या घरातील मोडी कागदांची छायाचित्रे घेतली, ते कागद पुन्हा पाहावयास मिळतील याचीही शाश्वती नसते. डिस्क बाजारात पुन्हा मिळते, सामग्री मिळत नाही. या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे.

२. पार्श्वभूमी

पहिली फिरती चुंबकीय डिस्क १९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक या यंत्राबरोबर बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. असे यंत्र बसविणे हे कंपनीच्या अभियंत्याचे काम होते. १९८० साली सीगेट कंपनीची सव्वापाच इंची, ५ एमबी क्षमतेची डिस्क निघाली, आणि १९८३ च्या आयबीएम पीसी-एक्सटी या संगणकात १० एमबीची डिस्क आली. येथपासून डिस्क ही घरगुती व कचेरीतील संगणकाचा भाग बनली आणि अभियंत्याचे काम सामान्य उपयोजकाच्या हाती गेले.

या स्थित्यंतराचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. डिस्कची क्षमता अल्पावधीत शेकडो व हजारो पटींनी वाढली. संगणकाचे इतर भाग मात्र आपापल्या काळातील मर्यादा उराशी बाळगून राहिले. नवी डिस्क जुन्या यंत्रात बसते, तेव्हा दोन भिन्न काळांतील संकेत एकमेकांसमोर उभे राहतात. बहुतेक बिघाड हे त्या संकेतांच्या विसंवादातून उद्भवतात. डिस्क सदोष असणे हे त्यामानाने विरळ कारण आहे.

३. विजेचा पुरवठा

साडेतीन इंची डिस्क फिरत असताना साधारणपणे पाच ते आठ वॅट वीज घेते. परंतु स्थिर तबकड्यांना गती देण्याच्या पहिल्या काही सेकंदांत ती १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे दोन अँपिअर, म्हणजे २४ वॅटच्या आसपास, वीज ओढते. दोन डिस्का एकाच वेळी फिरू लागल्या की हा भार दुप्पट होतो. पुष्कळ वर्षे वापरलेल्या एसएमपीएसमधील कपॅसिटर क्षीण झालेले असतात, आणि एका डिस्कचा भार तो कसाबसा पेलत असतो. दुसरीची भर पडताच व्होल्टेज क्षणभर खाली येते व संगणक सुरू होता होता बंद पडतो, किंवा डिस्क फिरू लागून पुन्हा थांबते. थांबत-थांबत येणारा ‘टक्-टक्’ आवाज नेहमी डिस्कच्या मृत्यूचाच सूचक असतो असे नाही. कित्येकदा तो अपुऱ्या विजेचा असतो. तीच डिस्क दुसऱ्या, चांगल्या यंत्रावर लावून पाहिली म्हणजे या दोहोंतील भेद उघड होतो.

विजेच्या बाबतीत आणखी एक अडचण अलीकडच्या काळात निर्माण झाली. सॅटा पद्धतीच्या वीजजोडणीत पंधरा पिना असतात. त्यांपैकी तिसऱ्या पिनेवर जुन्या संकेतानुसार ३.३ व्होल्टचा पुरवठा असे. पुढील संकेतात त्याच पिनेस डिस्क बंद ठेवण्याची आज्ञा देण्याचे काम दिले गेले. परिणामी मोठ्या क्षमतेच्या काही नव्या डिस्का जुन्या एसएमपीएसला जोडल्या असता मुळीच फिरत नाहीत. जुना पुरवठा प्रामाणिकपणे ३.३ व्होल्ट देतो, आणि नवी डिस्क त्याचा अर्थ ‘बंद राहा’ असा घेते. दोन्ही भाग निर्दोष असून संकेत तेवढा बदललेला असतो. चार पिनांच्या जुन्या मोलेक्स जोडणीत ३.३ व्होल्टची तार नसते. म्हणून तिच्यावरून चांगल्या प्रतीच्या अडॅप्टरने वीज दिल्यास ही अडचण दूर होते.

४. जोडणी

जुन्या आयडीई पद्धतीत एकाच रुंद पट्टीवर दोन साधने जोडली जात. त्यांतील एक ‘मास्टर’ व दुसरे ‘स्लेव्ह’ आहे, हे डिस्कच्या मागील छोट्या जंपरने सांगावे लागे. कारखान्यातून येणारी नवी डिस्क बहुधा मास्टर म्हणून ठेवलेली असे. जुनीही मास्टरच असे. एकाच पट्टीवर दोन मास्टर आले की संगणकास दोहोंपैकी एकही नीट ओळखता येत नसे. ‘नवी लावली आणि जुनीही गेली’ या त्या काळातील तक्रारीचे बहुतेक वेळा एवढेच कारण होते. २००३ पासून प्रचारात आलेल्या सॅटा पद्धतीत प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल मिळाली आणि जंपरचा हा प्रश्न संपला.

तथापि जुनी डिस्क नाहीशी होण्याचा प्रकार संपला नाही, त्याचे कारण मात्र बदलले. आजच्या पुष्कळ मदरबोर्डवर एम.२ या पट्टीवजा डिस्कसाठी असलेली खाच आणि काही सॅटा जागा यांचे अंतर्गत मार्ग सामाईक असतात. एम.२ खाचेत नवी डिस्क बसविताच त्या सॅटा जागा आपोआप निष्क्रिय होतात, आणि त्यांना जोडलेली जुनी डिस्क दिसेनाशी होते. कोणत्या जागा बंद होतात हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. केबल दुसऱ्या जागी लावली की डिस्क परत येते. हे ठाऊक नसलेला मनुष्य जुनी डिस्क ‘गेली’ असे समजून ती काढून ठेवतो किंवा दुरुस्तीस देतो.

सदोष केबल आणि सदोष डिस्क यांतील भेद ओळखण्याचे एक चांगले साधन डिस्कमध्येच असते. स्मार्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नोंदवहीत डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिच्यातील १९९ क्रमांकाची नोंद वाढत असेल, तर माहिती वाटेत, म्हणजे केबल वा जोडणीत, बिघडत आहे असे समजावे. क्रमांक ५ आणि १९७ या नोंदी वाढत असतील, तर दोष तबकडीच्या पृष्ठभागावर आहे. पहिल्या प्रकारात केबल बदलणे पुरते. दुसऱ्या प्रकारात दुसरे काहीही करण्यापूर्वी माहितीची प्रत काढून घेणे आवश्यक ठरते.

५. आरंभाचा क्रम

वीज व जोडणी यथायोग्य असूनही संगणक सुरू होत नसेल, तर आरंभाच्या क्रमाकडे वळावे. जुन्या बायॉस पद्धतीत संगणक प्रथम आपल्या अवयवांची चाचणी घेतो आणि नंतर ठरलेल्या डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो. हा सेक्टर ५१२ बाइटांचा असतो. त्यातील ४४६ बाइट आरंभीच्या छोट्या प्रोग्रॅमसाठी व डिस्कच्या खुणेसाठी असतात. पुढील ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी असून त्यांत डिस्कचे भाग कोठे सुरू होतात हे लिहिलेले असते. शेवटचे दोन बाइट ओळखीचे असतात. यासच एमबीआर म्हणतात.

नवी डिस्क कोरी असेल तर तिच्यात असा प्रोग्रॅम नसतो. तिला अनवधानाने पहिला क्रम मिळाला, तर ‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही’ असा संदेश पडद्यावर येतो. उपयोजकाची तशी समजूत झाली तरी जुनी सिस्टिम पुसली गेलेली नसते. ती दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी असते. बायॉसमध्ये जाऊन क्रम पूर्ववत केला की काम भागते. या संदेशाने घाबरून सिस्टिम नव्याने बसविण्यास प्रवृत्त होणे हा मात्र मोठा अनर्थ होय, कारण त्या खटाटोपात जुनी डिस्क पुसली जाण्याचा खराखुरा संभव असतो.

यूईएफआय या नव्या पद्धतीत आरंभाची नोंद मदरबोर्डवरील स्मृतीत राहते आणि ती डिस्कच्या एका विशिष्ट भागातील फाइलकडे बोट दाखविते. त्यामुळे केवळ नव्या डिस्कची भर पडल्याने क्रम सहसा ढळत नाही. परंतु दोन डिस्का जोडलेल्या असताना विंडोज नव्याने बसविली, तर सिस्टिम एका डिस्कवर आणि तिच्या आरंभाच्या फाइली दुसऱ्या, जुन्या डिस्कवर, असे घडू शकते. पुढे जुनी डिस्क काढली की नवी असूनही संगणक सुरू होत नाही. यास्तव सिस्टिम बसविताना ज्या डिस्कवर ती हवी तेवढीच जोडलेली ठेवावी, हा नियम दोन्ही पद्धतींत हितकारक आहे.

६. पत्त्याची मर्यादा

डिस्कवरील प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो, आणि तो क्रमांक लिहिण्यास जितके बिट दिले असतील तितकीच डिस्क संगणकाला पोहोचता येते. या मर्यादांचा इतिहास बोधप्रद आहे. प्रारंभी १,०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर या गणनेमुळे ५२ कोटी ८४ लाख बाइटांपलीकडे जाता येत नसे. पुढे २८ बिटांचा क्रमांक आल्यावर मर्यादा १३७ जीबीपर्यंत सरकली. २००२ च्या सुमारास ४८ बिटांची पद्धत रूढ झाली आणि विंडोज एक्सपीला तिचा आधार सर्व्हिस पॅक १ पासून मिळाला.

२८ बिटांच्या मर्यादेने घडविलेली हानी विशेष घातक स्वरूपाची होती. ज्या यंत्रणेला ४८ बिटांचा क्रमांक समजत नाही, तिच्यापुढे १३७ जीबीपलीकडील पत्ता आला आणि त्याचे वरचे अंक गळून पडले, तर तो पत्ता पुन्हा शून्यापासून मोजला जातो. शेवटी लिहावयाची माहिती अशा वेळी डिस्कच्या आरंभी, म्हणजे जेथे भागांची व फाइलींची नोंद असते तेथेच, लिहिली जाते. महिनोन् महिने सर्व काही ठीक चाललेले असते, आणि डिस्क अमुक मर्यादेपर्यंत भरताच सगळा संसार एकाएकी कोसळतो. कारण आणि परिणाम यांत इतके अंतर पडल्याने खरे निदान होणे कठीण जाई.

सध्या आढळणारी मर्यादा एमबीआरची आहे. तिच्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असतो. ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर एकूण २,१९,९०२ कोटी बाइट, म्हणजे सुमारे २.२ टीबी, एवढीच जागा मोजता येते. ४ टीबीची डिस्क एमबीआर पद्धतीने सज्ज केली, की जवळजवळ निम्मी जागा निरुपयोगी राहते. जीपीटी या पद्धतीत ६४ बिटांचा क्रमांक असून नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. म्हणून २ टीबीहून मोठ्या डिस्कसाठी तीच स्वीकारावी लागते. ३ टीबीची डिस्क काही जुन्या यंत्रणांत ७४६ जीबीच दिसते, हेही याच गणिताचे फळ आहे. डिस्कच्या एकूण सेक्टरसंख्येतून ३२ बिटांत मावणारी संख्या वजा केली असता उरणाऱ्या बाकीचे माप बरोबर तेवढेच भरते. डिस्कमध्ये बिघाड नसून मोजणाऱ्याची फूटपट्टी आखूड आहे, असे अशा वेळी समजावे.

याहून अगदी निरुपद्रवी अशी एक तक्रार आहे. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि विक्रेत्याने फसविल्याची भावना होते. उत्पादक १ टीबी म्हणजे दहाचा बारावा घात, अशी दशमान गणना करतो. विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. जागा दोन्ही मोजणींत तीच असते.

सेक्टरच्या आकाराचाही येथे उल्लेख केला पाहिजे. २०११ च्या सुमारापासून डिस्कचा प्रत्यक्ष सेक्टर ५१२ ऐवजी ४,०९६ बाइटांचा झाला, आणि जुन्या यंत्रणांच्या सोयीसाठी तो बाहेरून ५१२ चा भासविला जातो. जुन्या पद्धतीने डिस्कचा पहिला भाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू होई. हे अंतर ४,०९६ ने निःशेष भागले जात नाही. त्यामुळे लिहिण्याच्या प्रत्येक छोट्या कामासाठी डिस्कला दोन सेक्टर वाचून पुन्हा लिहावे लागतात व ती अकारण मंद होते. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरविल्यानंतर ‘नवी डिस्क जुनीपेक्षाही संथ’ असा अनुभव येतो, त्याचे हे एक कारण आहे. २,०४८ व्या सेक्टरपासून आरंभ केल्यास हा दोष राहत नाही.

७. नाव आणि वस्तू

डिस्क दिसते, पण फाइल सापडत नाही, या तक्रारीचे मूळ नामकरणात असते. मुक्ताईनगर हे नाव रूढ होण्यापूर्वी ते गाव एदलाबाद म्हणून ओळखले जाई. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० साली पूर्व खानदेशाला जळगाव जिल्हा हे नाव मिळाले. जुन्या दप्तरात ‘मुक्ताईनगर, जिल्हा जळगाव’ या नावाने शोध घेणाऱ्या अभ्यासकाच्या हाती काहीच लागणार नाही. कागद नष्ट झाले असे त्यावरून म्हणता येत नाही. ते ‘एदलाबाद, पूर्व खानदेश’ या शीर्षकाखाली सुरक्षित असतात. संगणकातही असाच प्रकार घडतो.

डॉस व विंडोज ९८ यांच्या काळात अक्षरे देण्याचा नियम असा होता, की प्रथम सर्व डिस्कांच्या मुख्य भागांना अक्षरे द्यावीत आणि नंतर उपभागांना. एकाच डिस्कवर ‘सी’ आणि ‘डी’ असे दोन भाग असताना दुसरी डिस्क आली, की तिच्या मुख्य भागास ‘डी’ मिळे व पूर्वीचा ‘डी’ हा ‘ई’ होई. ‘डी’ मधील प्रोग्रॅमांच्या व फाइलींच्या सर्व वाटा त्यामुळे चुकत. पुढील विंडोजने डिस्कची खूण लक्षात ठेवून अक्षर कायम राखण्याची सोय केली. लिनक्समध्ये ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे डिस्क सापडण्याच्या क्रमाने मिळत असल्याने ती बदलू शकतात. म्हणून तेथे प्रत्येक भागास असलेला यूयूआयडी हा दीर्घ क्रमांक वापरणे अधिक सुरक्षित मानले जाते. गावाचे नाव बदलले तरी त्याची सीमा बदलत नाही, तद्वत हा क्रमांक जोडणीच्या जागेवर अवलंबून राहत नाही.

या सोयीचीही एक दुसरी बाजू आहे. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली, की खूणही तीच उतरते. एकच खूण असलेल्या दोन डिस्का एकत्र आढळल्या म्हणजे विंडोज त्यांतील एक बंद ठेवते, आणि लिनक्समध्ये कोणता भाग उघडला जाईल याचा भरवसा राहत नाही. प्रत काढून झाल्यावर दोहोंपैकी एक वेगळी करणे, किंवा एकीची खूण बदलणे, हा त्यावरचा उपाय होय.

८. ‘इनिशियलाइज’ या प्रश्नाचा धोका

वर वर्णिलेले बहुतेक बिघाड परतविता येण्याजोगे आहेत. एक प्रसंग मात्र तसा नाही. विंडोजला डिस्कवरील भागांची नोंद वाचता आली नाही, की ती डिस्क इनिशियलाइज करावी काय, असा प्रश्न विचारते. कोऱ्या डिस्कच्या बाबतीत ‘होय’ हे उत्तर योग्यच आहे. परंतु पूर्वी वापरलेली डिस्क असेल, तर नोंद वाचता न येणे आणि नोंद नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

याचे एक ठळक उदाहरण बाह्य डिस्कचे आहे. २ टीबीहून मोठ्या काही बाह्य डिस्कांच्या पेट्या, जुन्या सिस्टिमवर चालाव्यात म्हणून, आतील ५१२ बाइटांचे सेक्टर ४,०९६ बाइटांचे म्हणून दाखवीत असत. अशी पेटी उघडून आतील डिस्क थेट संगणकास जोडली, की सेक्टरचे माप बदलते आणि सर्व नोंदी चुकीच्या जागी बोट दाखवितात. काही पेट्या तर माहिती गुप्तलिपीत साठवितात. दोन्ही प्रसंगी डिस्क कोरी वा निकामी भासते. मूळ पेटीत परत ठेवली की ती पूर्ववत वाचता येते. मधल्या काळात ‘होय’ म्हणून ती सज्ज केली व तिच्यावर लिहिण्यास प्रारंभ केला, तर जी माहिती केवळ अदृश्य होती ती खरोखरच नष्ट होऊ लागते.

सातबाराचा उतारा हरवला म्हणून शेत नाहीसे होत नाही. पण उतारा नाही असे पाहून त्याच शेतावर दुसऱ्याने नांगर घातला, तर मूळचे पीक हाती येणार नाही. डिस्कवरील नोंद आणि तिच्यावरील माहिती यांचा संबंध या स्वरूपाचा आहे. नोंद गेली असली तरी, जोवर नवे लेखन झालेले नाही तोवर, माहिती परत मिळविण्याची आशा बाळगता येते.

९. स्थानिक परिस्थिती

खानदेशातील उन्हाळा प्रखर असतो. जळगाव-भुसावळच्या परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या घरात जाणे नवीन नाही. फिरत्या डिस्कसाठी उत्पादक सामान्यतः ६० अंशांपर्यंतची मर्यादा देतात. खोलीतच ४५ अंश असताना बंद पेटीत, एकमेकींना चिकटून बसविलेल्या दोन डिस्का ही मर्यादा सहज गाठू शकतात. दोहोंमध्ये एक खण रिकामा सोडावा आणि पंख्याच्या वाऱ्याच्या मार्गात त्या बसवाव्यात. काळ्या जमिनीची बारीक धूळ पंख्याच्या व एसएमपीएसच्या जाळीत साचून वारा अडविते. म्हणून डिस्क बसविण्यासाठी पेटी उघडलीच आहे तर ती साफ करणे सोयीचे ठरते.

लेखन चालू असताना वीज गेल्यास होणारी हानी हा दुसरा मुद्दा होय. जुन्या डिस्कवरून नवीवर सामग्री नेण्याचे काम कित्येक तास चालते. सेकंदास १०० एमबी हा वेग धरला तरी १ टीबीस पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. या अवधीत यूपीएसचा आधार असावा. तसेच फाइली ‘कट’ करून हलविण्यापेक्षा आधी त्यांची प्रत करावी, ती उघडून पाहावी, आणि खात्री पटल्यावरच मूळ पुसण्याचा विचार करावा.

१०. निदानाची पद्धत

वरील विवेचनावरून निदानाचा क्रम आपोआप सिद्ध होतो. डिस्क फिरते की नाही, हे प्रथम पाहावे. फिरत नसेल तर दोष विजेचा. फिरते, पण बायॉस वा यूईएफआयच्या यादीत दिसत नाही, तर जोडणी किंवा सामाईक मार्गाचा. यादीत दिसते, पण संगणक सुरू होत नाही, तर आरंभक्रमाचा. संगणक सुरू होतो, पण क्षमता चुकीची दिसते, तर पत्त्याच्या मर्यादेचा. क्षमता बरोबर आहे, पण भाग दिसत नाहीत, तर नोंदीचा. भाग दिसतात, पण फाइली सापडत नाहीत, तर नामकरणाचा. प्रत्येक पायरीवर एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. केबल, क्रम व सेटिंग एकदम बदलल्यास बिघाड दूर झाला तरी त्याचे कारण अज्ञातच राहते.

या क्रमातील सर्वांत उपयुक्त कसोटी मात्र सर्वांत साधी आहे. नवी डिस्क काढून घ्यावी. संगणक पूर्ववत चालू झाला, तर जुनी सामग्री सुरक्षित असून प्रश्न दोन डिस्कांच्या सहवासाचा आहे, हे निश्चित होते. न झाल्यास, पेटी उघडताना एखादी केबल सैल झाली असावी असा तर्क करावा, आणि जुन्या डिस्कवर कोणतीही दुरुस्ती करण्याआधी ती दुसऱ्या यंत्रावर जोडून तिची प्रत काढावी.

११. उपसंहार

नव्या डिस्कच्या आगमनाने उद्भवणाऱ्या अडचणींत डिस्क स्वतः दोषी असण्याचे प्रसंग थोडे आहेत. वीज, जोडणी, क्रम, पत्ता आणि नाव या पाच ठिकाणी जुन्या व नव्या संकेतांचा मेळ बसत नाही, म्हणून बहुतेक बिघाड होतात. ते संकेत समजले की यथाक्रम दूरही होतात. सामग्रीचा नाश बिघाडापेक्षा घाईने केलेल्या उपायामुळे अधिक होतो.

दुसरी डिस्क घेतली म्हणजे सामग्रीची दुसरी प्रत तयार झाली, असा भ्रमही टाळला पाहिजे. जुनी डिस्क भरली म्हणून पुढील सामग्री नवीवर ठेवली, तर दोन डिस्कांवर दोन निरनिराळे अर्धे भाग राहतात, आणि कोणतीही एक बंद पडली तरी हानी होते. संशोधन करणाऱ्याने आपल्या ध्वनिमुद्रणांच्या व छायाचित्रांच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात. त्यांपैकी एक निराळ्या प्रकारच्या साधनावर असावी, आणि एक दुसऱ्या गावी वा विद्यापीठाच्या ग्रंथालयात असावी. पेटी उघडण्यापूर्वी हे घडले असेल, तर पुढील कोणताही बिघाड गैरसोयीपलीकडे जात नाही.